वाणातल्या सोळा वाट्या

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता अक्षया घरी आली, तेव्हा ओट्यावर अंथरलेला पंचा रिकामा होता. सकाळी जाताना तिने त्यावर सोळा वाट्या उपड्या घालून ठेवल्या होत्या, चार ओळींत चार-चार. आता पंच्यावर पाण्याचे फिकट गोल तेवढे उरले होते. तेही सोळाच होते. तिने मोजले.

“आई, इथल्या वाट्या कुठे गेल्या?”

“लुटल्या की,” मीनाक्षी बाहेरच्या खोलीतून म्हणाली. तिच्या अंगावर अजून काठापदराची साडी होती आणि ती सतरंजीवर सांडलेला हलवा वेचत होती. “हळदीकुंकू होतं ना आज. बरोब्बर सोळा जणी आल्या. एक जास्त नाही, एक कमी नाही. आणि तू धुऊन-पुसून ठेवल्या होत्यास ते बघून मला इतकं बरं वाटलं गं. म्हटलं, पीएचडी करत असली तरी घरात लक्ष आहे पोरीचं.”

अक्षया पाठीवरची सॅक न काढता वेताच्या मोड्यावर बसली. सॅकमध्ये एक मायक्रोमीटर होता. तो मिळावा म्हणून तिने तीन आठवडे वाट पाहिली होती.

“आई, त्या वाट्या नव्हत्या,” ती म्हणाली. “माझे नमुने होते ते.”

वाट्यांसारखे दिसत होते, ही गोष्ट खरी. स्टीलच्या पत्र्याची गोल चकती साच्यात दाबली की जे तयार होतं, त्याला अक्षयाच्या प्रबंधात ‘कप’ म्हणत असले, तरी कोणत्याही मराठी घरात त्याला वाटीच म्हणतील. चकती थोडी तापवली की पत्रा नरम होतो, दाबताना फाटत नाही. म्हणून कारखान्यात अख्खी चकती भट्टीत घालतात. अक्षयाचं म्हणणं असं, की दाबताना हालचाल होते ती चकतीच्या कडेला. मधला भाग वाटीचा तळ होऊन नुसता बसून असतो. त्याला तापवायचं कशाला? तिने फक्त कडेपुरती, इंडक्शनच्या चुलीला असते तशी एक गोल कॉइल बनवली होती. आठ चकत्या भट्टीत तापवल्या, आठ नुसत्या कडेला. वीज निम्म्याहून कमी लागली. आता एकच गोष्ट दाखवायची राहिली होती, की कडेला तापवलेल्या वाट्या कुठेही जास्त पातळ झालेल्या नाहीत. तेवढ्यासाठी सोळाही वाट्यांची जाडी मोजायची होती. मंगळवारी समितीपुढे बसायचं होतं, आणि शिष्यवृत्तीचं पुढचं वर्ष त्या समितीच्या हातात होतं. फरिदाबादच्या ज्या कारखान्याने दोन दिवस प्रेस वापरू दिला होता, तो आता एप्रिलपर्यंत मोकळा नव्हता.

वाट्यांना साच्यातलं वंगण लागलेलं होतं, म्हणून तिने सकाळी त्या घासून ठेवल्या होत्या. एवढाच तिचा गुन्हा.

“अहो,” मीनाक्षीने हाक मारली. “तुम्ही सदर बाजारातून वाट्या आणल्या म्हणालात ना?”

बळवंत कानटोपी घातलेल्या अवस्थेत आतून आले. “आणल्या की. खोकं गॅलरीत आहे. कूलरच्या मागे.”

“स्वयंपाकघरात का नाही ठेवलंत?”

“तिथे वाट्या पसरलेल्या होत्या. जागा कुठे होती?”

“पण त्या वाट्यांच्या बुडाला एक ते सोळा नंबर कोरलेले होते,” मीनाक्षी म्हणाली. “मला वाटलं, तुम्हीच घालून आणलेत.”

“मी कशाला नंबर घालीन?”

पण बळवंतांची तीस वर्षं केंद्र सरकारच्या ज्या कार्यालयात गेली होती, तिथे खुर्ची, पंखा, पाण्याचा जग आणि कचऱ्याची टोपली या प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर होता. घरातल्या शिडीवरही होता. तिचा समज अगदीच निराधार नव्हता.

“आपण उद्या परत आणू,” बळवंत म्हणाले. “गॅलरीतल्या सोळा देऊ, त्या सोळा घेऊ. बदली म्हणायचं आणि सोडून द्यायचं.”

“वाण परत मागतात का कुठे?” मीनाक्षी म्हणाली. “दिल्लीत सव्वीस हळदीकुंकवं केली मी. आजवर कोणी बोट दाखवलं नाही. तुम्ही मला मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.”

“आई, मंगळवारी माझ्याकडे दाखवायला काहीच नसेल.”

मीनाक्षीने मुलीकडे पाहिलं, मग गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. “गुपचूप जा,” ती शेवटी म्हणाली. “आणि मागायचं नाही. बदलून द्यायचं.”

शनिवारी सकाळी धुकं जरा निवळल्यावर बापलेक आर. के. पुरमहून निघाले. मागच्या सीटवर खोकं होतं. पहिलं घर ममताचं, कॅन्टोन्मेंटमधलं. ममता साताऱ्याकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नवरा लष्करात. अक्षया दारात पोचली तेव्हा आतून मोहरी तडतडल्याचा आवाज येत होता. गॅसवर, सांडशीत धरलेली, नऊ नंबरची वाटी होती.

“या ताई, या,” ममता म्हणाली. “कालच आईंनी दिली बघा. फोडणीला एक नंबर. तळ जाड हाय, करपत नाही.”

अक्षयाने वाकून पाहिलं. वाटीचं बूड काळंनिळं झालं होतं. मग तिच्या मनाने हिशेब केला, की तापवून धातूचा कठीणपणा बदलेल, जाडी बदलणार नाही.

“ममता, या वाटीच्या बदल्यात मी तुला दुसरी नवीन देऊ का? चकचकीत आहे.”

ममताने वाटीतली फोडणी कढीवर ओतली. चर्र आवाज विरल्यावर तिने गॅस बंद केला.

“ताई, तुम्ही म्हणाल ते मी ऐकलं असतं. पण हे सिक्कीमला हायेत, वर, बर्फात. आणि सवाष्णीनं संक्रांतीचं वाण हातानं परत द्यायचं? माझ्या सासूबाईंना कळलं तर काय म्हणतील?” तिने वाटी खाली ठेवली. “तुम्हीच सांगा, देऊ का?”

तुम्हीच सांगा म्हटल्यावर संपलंच. अक्षयाने कढी-भात खाल्ला, छान झाल्याचं सांगितलं आणि ती गाडीत येऊन बसली.

“मिळाली?” बळवंतांनी विचारलं.

“नाही. जेवण झालं.”

दुसरं घर गुरुग्रामला, एकविसाव्या मजल्यावर. केतकी एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि शनिवारीही लॅपटॉपसमोर होती. वाटीचं नाव काढताच तिने कॅमेरा बंद केला.

“यार अक्षया, खरं सांगू? ती माझ्याकडे नाही. काल तुमच्याकडून निघाले ती थेट हिंदूरावला गेले, द्वारकाकाकूंकडे. त्यांना तुमच्याकडे यायला जमणार नव्हतं ना दुपारी, त्या सकाळीच येऊन गेल्या. तर म्हटलं, जाऊन येऊ. रिकाम्या हाताने कसं जायचं?”

“म्हणजे आमचं वाण तू काकूंना दिलंस?”

“सगळे देतात यार. तू लहान आहेस. माझ्याकडे एक डबा आहे, तो तीन वर्षांत दोनदा फिरून माझ्याकडेच आलाय.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “पण मीनाक्षीताईंना बिल्कुल बोलू नकोस हं.”

हिंदूरावला टेकडीच्या उतरणीवर द्वारकाकाकूंचं घर. काकू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि ते त्यांच्याकडे पाहून कळायचं. त्यांनी दोन्ही वाट्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पाच आणि बारा.

“ही तुझ्या आईकडची. ही केतकीकडची. दोघींनी एकाच दुकानातून आणलेल्या दिसतात, दोन्हींवर नंबर आहेत. मी काही बोलले नाही.” त्यांनी चष्म्यावरून अक्षयाकडे पाहिलं. “तू आता बोल.”

अक्षया खोटं बोलण्यात कच्ची होती. तिने चकतीपासून समितीपर्यंत सगळं सांगितलं. काकूंनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर जागी. मग म्हणाल्या, “म्हणजे ही साधी वाटी नाही. ही प्रयोगातली आहे.”

“हो काकू.”

“मग ती देऊन मी सदर बाजारातली कशी घेईन? अगं, माझी विद्यार्थिनी नसलीस तरी आपल्या मंडळातली मुलगी तू. तुझं काम माझ्या घरात असावं, असं मला वाटणारच.”

संध्याकाळी घरी पोचल्यावर हिशेब सोपा होता. तीन घरं, शून्य वाट्या. बळवंतांनी गाडीचे किलोमीटर डायरीत लिहिले आणि लेकीला विचारलं, “कॉइल वापरून किती वीज वाचली म्हणालीस आठ वाट्यांत?”

“एक युनिटही नाही. पण कारखान्यात लाखो वाट्या होतात, बाबा.”

“तसं नाही. आज आपलं सहा लिटर पेट्रोल गेलं, म्हणून विचारलं.”

अक्षयाला एका लिटर पेट्रोलमध्ये किती युनिट ऊर्जा असते ते पाठ होतं. तिने गुणाकार केला नाही.

“गुपचूप काही होत नाही,” मीनाक्षी म्हणाली. “मी ग्रुपवर सरळ खरं लिहिते. खऱ्याला मरण नाही.”

‘दिल्ली सखी मंडळ’ या ग्रुपवर तिने लिहिलं, की काल दिलेल्या वाट्या नजरचुकीने अक्षयाच्या संशोधनातल्या होत्या, त्या कमी विजेत बनवल्या आहेत, तरी कृपया बदलून घ्याव्यात. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. कोपर्निकस मार्गावर राज्य सरकारच्या सदनात नोकरी करणाऱ्या मैत्रेयीने विचारलं, वीज वाचते म्हणजे कशी? तिच्या खाली कोणीतरी लिहिलं, आम्ही आज तिच्यात तूप पातळ केलं, खरंच लवकर झालं. आणखी एकीने लिहिलं, गॅससुद्धा वाचत असणार. अर्ध्या तासात मंडळाचं एकमत झालं, की मीनाक्षीताईंनी या वर्षी वीज वाचवणाऱ्या वाट्या वाण म्हणून दिल्या, आणि अशी कल्पना त्यांनाच सुचू शकते. वाटी बदलून घ्यायला कोणीच तयार नव्हतं.

“आई, वाटी वीज वाचवत नाही. वाटी करताना वीज वाचली. तीसुद्धा आठच वाट्यांची.”

“हे तू लिही ग्रुपवर.”

अक्षयाने लिहिलं. त्यावर सात जणींनी अंगठा दाखवला आणि एकीने विचारलं, की या वाट्या आणखी मिळतील का.

मीनाक्षी बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. तिने काहीतरी टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

“काय लिहिलंस?” अक्षयाने विचारलं.

“वाट्यांत दोष आहे म्हणून लिहिलं. वाण देताना माझ्याकडून चूक झाली, माफ करा, वाटी परत पाठवा.” तिने पदराने चेहरा पुसला. “तुझं वर्ष वाचू दे. सव्वीस वर्षांचं नाव गेलं तर गेलं.”

अक्षयाने आईचा हात हातात घेतला. उशीखाली फोन गुरगुरत राहिला. तो बाहेर काढला तेव्हा ग्रुपवर अकरा निरोप होते.

‘मीनाक्षीताई, मनाला लावून घेऊ नका. आमची वाटी उत्तम आहे.’

‘दोष कसला? तुमच्या हातून सदोष वाण जाईल का?’

‘आमच्या घरी तर सगळ्यांना फार आवडली. परत द्यायचा प्रश्नच नाही.’

परत देणं म्हणजे मीनाक्षीताईंच्या वाणात दोष आहे हे मान्य करणं, आणि तेवढं वाईट मंडळात कोणी वागणार नव्हतं. ज्या दोघी-तिघी आधी बदलायला कदाचित तयार झाल्या असत्या, त्यांनीही आता आपली वाटी निर्दोष असल्याचं शपथेवर कळवलं.

“चांगल्या आहेत गं सगळ्या,” मीनाक्षी हताश होऊन म्हणाली. “फारच चांगल्या आहेत.”

अक्षयाने आपल्या मार्गदर्शकांना, डॉ. चतुर्वेदींना, फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडून चहाचा एक घोट ऐकू आला.

“बेटा, तुम्हें चाहिए क्या? कप, या कप की मोटाई?”

“मोटाई, सर.”

“तो मोटाई ले आओ. कप उनके पास रहने दो.”

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी होती, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. आदल्या रात्रीच ग्रुपवर मीनाक्षीचा तिसरा निरोप गेला: उद्या तीन वाजता आपली वाटी घेऊन या, अक्षया मोजून लगेच हातात परत देईल. परत मिळणार म्हटल्यावर सगळ्या आल्या. ममतासुद्धा आली, तिने वाटी घासून घासून आरशासारखी केली होती, बूड तेवढं निळसर राहिलं होतं. केतकी रिकाम्या हाताने आली आणि द्वारकाकाकूंनी पिशवीतून दोन वाट्या काढल्या.

“तुमच्याकडे दोन कशा?” मीनाक्षीने विचारलं.

“केतकीने माझ्याकडे सांभाळायला दिली होती,” काकू म्हणाल्या. केतकी खिडकीबाहेर बघू लागली.

खिडकीजवळच्या टेबलावर अक्षयाने मायक्रोमीटर मांडला. प्रत्येक वाटीची भिंत आठ ठिकाणी मोजायची आणि सगळ्यांत पातळ जागेचा आकडा घ्यायचा. कोणत्या नंबरची वाटी भट्टीतली आणि कोणती कॉइलवरची, ती यादी तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पान चिकटवून टाकलं होतं, मोजताना हात एका बाजूला झुकू नये म्हणून. सोळा बायका टेबलाभोवती दाटल्या. कोणी न सांगताच काकूंनी कागद-पेन घेतलं आणि त्या आकडे उतरवून घेऊ लागल्या.

“तीन नंबर, शून्य पूर्णांक बहात्तर,” अक्षया म्हणाली.

“तीन? तीन म्हणजे...” मैत्रेयी आठवत म्हणाली. “माझी. बहात्तर चांगले का?”

“ते मार्क नाहीत गं. मिलिमीटर आहेत.”

“हो, पण बहात्तर चांगले का?”

“सात नंबर, एकाहत्तर.”

“एक कमी,” सात नंबरवाली म्हणाली आणि शेजारणीकडे न बघता पदर सारखा केला.

“अकरा नंबर, एकोणसत्तर.”

“ए, जरा नीट धर की. हात हलला तुझा, मी पाहिलं.”

अकरा नंबर पुन्हा मोजावी लागली. सत्तर आली. तेव्हा सात नंबरनेही फेरतपासणी मागितली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “काहींना बघा जाड दिल्यात, काहींना पातळ,” आणि चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली मीनाक्षी जिथल्या तिथे उभी राहिली. वाणाचा एक नियम तिने सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता: सगळ्यांना सारखं. एकीला उजवं, एकीला डावं झालं, की ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. आता तर तिच्याच मुलीने ते दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत मोजून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं.

ममताची नऊ नंबर शेवटी आली. “एकाहत्तर,” अक्षया म्हणाली.

“फोडणी देऊन?” काकूंनी विचारलं.

“फोडणी देऊन.”

अक्षयाने वहीचं शेवटचं पान ब्लेडने मोकळं केलं, आकडे दोन रकान्यांत लावले, सरासरी काढली. मग पुन्हा काढली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, ते फक्त बळवंतांना दिसलं.

“काय निघालं?” मीनाक्षीने विचारलं. ट्रे अजून तिच्या हातात होता.

“काहीच फरक नाही,” अक्षया म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण ती हसत होती. “भट्टीतल्या आठ आणि कॉइलवरच्या आठ, अगदी सारख्या. जो एक-दोनचा फरक दिसतोय, तो मोजण्यातला आहे. हे यंत्र त्याहून बारीक सांगूच शकत नाही.”

खोलीत निराशा पसरली.

“म्हणजे वीज वाचवणारी वाटी वेगळी नाहीच?” मैत्रेयी म्हणाली.

“नाही.”

“एवढी दोन वर्षं अभ्यास करून काहीच फरक नाही निघाला?” सात नंबरवालीने सहानुभूतीने विचारलं. “असू दे गं. पुढच्या वेळी निघेल.”

“अहो, फरक नाही हेच तर मला दाखवायचं होतं. कमी विजेत तशीच वाटी.”

हे कोणाला फारसं पटलं नाही. मीनाक्षीने मात्र ट्रे टेबलावर ठेवला.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “सोळाही सारख्या?”

“सोळाही.”

“ऐकलंत ना?” मीनाक्षी खोलीला उद्देशून म्हणाली. “यंत्राने मोजून सांगितलंय. सगळ्यांना सारखं वाण दिलंय मी.” आणि तिने चहा द्यायला सुरुवात केली, सात नंबरवालीपासून.

चहा होईपर्यंत बोलणं दुसरीकडे वळलं. बळवंतांनी मध्येच गॅलरीतलं खोकं आत आणून ठेवलं, वाटेत येत होतं म्हणून. मैत्रेयीने सहज त्यातली एक वाटी उचलून पाहिली. बाजारातल्या त्या वाट्यांना गोल काठ होता, पॉलिश होतं, बुडावर छोटी फुलं होती.

“सारख्याच असल्या,” ती विचार करत म्हणाली, “तर मग ही काय वाईट आहे? आमच्यावर तर नंबरच आहे नुसता.”

“दिसायला हीच बरी,” अकरा नंबरवाली म्हणाली. “अक्षया, तू बदलून देणार होतीस ना?”

टेबलावर एक वाटी ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरीचा. केतकीने खोक्यातून स्वतःसाठी एक उचलली. काकूंनी पाच आणि बारा दोन्ही टेबलावर ठेवल्या, बदल्यात काही घेतलं नाही, आणि जाताना अक्षयाच्या डोक्यावर हात ठेवला. मीनाक्षी दारात उभी राहून एकेकीला पुन्हा हळदीकुंकू लावत होती. सवाष्णीला तसं कसं पाठवायचं?

ममता सगळ्यांत शेवटी उठली. तिने नऊ नंबरची वाटी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

“माझी वहीत लिहिली ना, ताई?”

“लिहिली.”

“मग मी नेते.”

दार लागल्यावर अक्षया टेबलाशी आली. तिने वाट्या चार-चारच्या ओळींत लावल्या. शेवटच्या ओळीत एका वाटीची जागा मोकळी राहिली. तिने वही उघडली आणि नमुना क्रमांक नऊसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, नीट अक्षरात लिहिलं: ‘वापरात.’